विहीर, झिरा आणि गाडीतील जनरेटर

मागील उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एका मुलाने आपल्या ई-रिक्षाच्या मागच्या बाजूला पेट्रोलवर चालणारा दीड केव्हीएचा जुना जनरेटर बसवला आणि रिक्षाचा चार्जर थेट त्यालाच जोडून टाकला. बॅटऱ्या जुन्या झालेल्या, नव्या घ्यायला पैसे नाहीत, आणि दुपारी बाजारातून परत येताना चार्जिंग उतरते, या तिहेरी अडचणीवर त्याने काढलेला हा उपाय होता. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला तो तक्रार घेऊनच. "काकाजी, इंजिन त सारखं बोंबलून रायलं, पन गाडी काई पुलावर चढत नाई. थांबलो तरी तसंच बोंबलते, चढावर बी तसंच. हे काय झोलझाल आहे?"

मी चांदूर बाजार तालुक्यातील एका गावात संत्र्याची बाग सांभाळतो, परंतु त्याआधीची माझी सारी नोकरी इटारसीच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून झाली. त्यामुळे गावात कोणाच्या कोणत्याही इंजिनाला काहीही झाले की ते प्रकरण फिरत फिरत माझ्या ओट्यावर येते. या वेळी मात्र बिघाड कशातच नव्हता. जनरेटर ठणठणीत होता, चार्जरही ठीक होता. मुलाची समजूत अशी होती की इंजिन गाडीत बसले म्हणजे ते गाडी ओढणार, आणि तिथेच सगळा घोळ होता.

मी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला चिमट्यासारखे लावून करंट मोजायचे यंत्र, घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. चार्जरकडून येणाऱ्या वायरवर मीटरने पंधरा अँपिअर दाखवले, आणि रिक्षा उभी असो, सपाट रस्त्यावर धावत असो की चढावर रखडत असो, तो आकडा फारसा हलला नाही. मोटारीकडे जाणाऱ्या वायरवर मात्र उभे असताना शून्य, सपाटीवर बावीस-तेवीस आणि पुलाचा चढ सुरू होताच थेट अठ्ठेचाळीस अँपिअर. म्हणजे चढावर दर क्षणी तेहतीस अँपिअरची तूट, आणि ती भरून काढायची कोणी, तर त्या थकलेल्या बॅटऱ्यांनी. मुलगा काटकसर म्हणून जनरेटर अगदी शेवटी, मीटरचा काटा लाल पट्टीत गेल्यावर सुरू करत असे. त्यामुळे पुलाशी येईपर्यंत बॅटऱ्यांमध्ये तूट भरून काढण्याइतके काही शिल्लकच राहत नसे, व्होल्टेज खाली बसे आणि कंट्रोलर गाडी बंद करून टाके.

विजेच्या मोटारगाडीत बसवलेल्या रेंज एक्स्टेंडर इंजिनाचे, म्हणजे बॅटरीला पुरवठा देऊन गाडीचे अंतर वाढवणाऱ्या छोट्या इंजिनाचे, वागणे जवळजवळ असेच असते. फरक इतकाच की तिथे हा कारभार संगणकाच्या हाती असतो आणि आकडे मोठे असतात. गाडीची चाके फिरवते ती विजेची मोटार, आणि चाकांशी इंजिनाचा कोणताही यांत्रिक संबंध नसतो. ते फक्त जनरेटर फिरवते, आणि जनरेटरची वीज मोटारीला किंवा, उरली तर, बॅटरीला जाते. शेवरोले व्होल्टसारख्या एखाद्या गाडीत मोठ्या वेगाला इंजिनाची काही ताकद गिअरमार्गे चाकांपर्यंत पोहोचवण्याची सोय केलेली होती, पण तो अपवाद बाजूला ठेवू.

डिझेल शेडमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवे काहीच नाही, असे मला पहिल्यांदा वाटले होते. डब्ल्यूडीएम-२ हे आमचे रोजचे इंजिन. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि तेही चाके फिरवत नसे. ते जनरेटर फिरवे आणि सहा धुऱ्यांवरच्या सहा ट्रॅक्शन मोटारी गाडी ओढत. ड्रायव्हरच्या हाती आठ नॉच, म्हणजे ताकदीच्या आठ पायऱ्या, असत. आठव्या नॉचवर इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर जाई, आणि मग मालगाडी नुकती हलत असो की भरधाव असो, इंजिनाचा आवाज तोच. म्हणूनच फलाटावर उभ्या असलेल्या लोकांना नेहमी असे दिसते की आधी इंजिन गर्जते आणि मग काही क्षणांनी डबे हलतात. परंतु लोकोमोटिव्हला ओढकामासाठी बॅटरी नसते. त्याच्या बॅटऱ्या इंजिन सुरू करण्यापुरत्या आणि दिव्यांपुरत्या. त्यामुळे चढ आला की जी काही ताकद लागेल ती त्याच क्षणी डिझेलमधूनच यावी लागते, आणि इंजिन सर्वांत मोठ्या मागणीच्या मापाचे असावे लागते. रेंज एक्स्टेंडरचे इंजिन सरासरी मागणीच्या मापाचे असते. हा एवढा एकच फरक आहे, पण त्याची संपूर्ण वागणूक यातूनच निघते.

हे गावात समजावून सांगायला मला विहिरीचा उपयोग झाला. माझ्या बागेतील विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे. ती तीन तासांत विहीर उपसते, आणि झिऱ्यांनी, म्हणजे विहिरीत पाझरून येणाऱ्या पाण्याने, विहीर पुन्हा भरायला दुसरी सकाळ उजाडते. झिरा मोटारीच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतो, तरीही बाग त्याच्यावरच जगते, कारण मोटार बंद असतानाही तो चालू असतो. विहीर म्हणजे गाडीची बॅटरी, उपसा म्हणजे चालवणाऱ्याचा पाय, आणि झिरा म्हणजे हे छोटे इंजिन. पाणी फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाच्या झडपेच्या, ज्याला आमच्याकडे सर्रास 'फुटबॉल' म्हणतात त्याच्या, तोंडाशी आले असताना मोटार चालू ठेवली तर ती झिऱ्याइतकेच पाणी देईल आणि मध्येच हवा धरेल. दोष झिऱ्याचा नसतो, तो पूर्वीइतकाच वाहत असतो.

असे इंजिन असलेली खरी गाडी मी पाहिली ती २०१८ च्या उन्हाळ्यात, लेकीकडे जर्मनीत फ्रायबुर्गला गेलो होतो तेव्हा. जावईबापूंनी जुनी बीएमडब्ल्यू आय-३ घेतली होती, रेंज एक्स्टेंडरवाली. ३३ युनिटची बॅटरी (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर), त्यातील सुमारे २७ युनिट प्रत्यक्ष वापरायला मिळतात. मोटार १२५ किलोवॅटची, आणि इंजिन दोन सिलिंडरचे, ६४७ सीसीचे, मुळात त्याच कंपनीच्या मोठ्या स्कूटरमधले, जनरेटरमार्फत २५ किलोवॅट देणारे. म्हणजे मोटार जास्तीत जास्त जेवढे ओढू शकते त्याच्या एक पंचमांश एवढाच झिरा. पेट्रोलची टाकी नऊ लिटरची, आपल्या मोटारसायकलीपेक्षाही लहान.

मी पंधरा दिवस त्या गाडीच्या मागच्या सीटवर कान देऊन बसलो, कारण इंजिन मागेच, डिकीच्या तळाखाली होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की ते पायाचे ऐकत नाही. जावईबापूंनी पाय दाबला की गाडी झपकन पुढे जाई आणि इंजिनाचा सूर होता तोच राही. काही सेकंदांनी, जणू हिशेबनीसाने वही उघडून पाहिल्यावर, तो सूर एक पायरी वर चढे. पाय सोडला, गाडी सिग्नलवर थांबली, तरी ते लगेच गप्प होत नसे. चार्ज ठरलेल्या रेषेच्या बराच खाली गेलेला असेल तर उभ्या गाडीतही ते चालू राही, आणि चार्ज रेषेजवळ असेल तर बंद होई. शहरात हळू चालताना ते मुद्दाम कमी फेऱ्यांवर ठेवलेले असे, कारण रस्त्याचा व वाऱ्याचा आवाज नसताना त्याची घरघर आतल्यांना खुपते. वेग वाढला की तेही धिटावे आणि मिनिटाला चार हजारांच्या पुढे जावे. लेकीला हा आवाज असह्य वाटे. पाय आणि आवाज यांची गाठ सुटलेली असल्यामुळे गाडीत काहीतरी बिघडले आहे अशी तिची समजूत होई. मला मात्र आठव्या नॉचची आठवण येऊन उलट बरे वाटे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते बॅटरी भरत नाही, राखते. युरोपातील या गाडीत चार्ज ७५ टक्क्यांच्या खाली आला की पडद्यावरच्या मेनूतून 'आहे तेवढा चार्ज राखा' असा हुकूम देता येतो, आणि मग इंजिन तेवढी रेषा सांभाळण्याचा प्रयत्न करते. पेट्रोल जाळून बॅटरी शंभर टक्के करावी असा त्याचा हेतूच नसतो, आणि ते योग्यच आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट उष्णता असते, त्यातून लहान इंजिन व जनरेटर मिळून अडीच युनिटांच्या आसपास वीज देतात, आणि अडीच युनिटांत ती गाडी चौदा-पंधरा किलोमीटर जाते. आपली साधी लहान पेट्रोल गाडी याहून जास्त ॲव्हरेज देते. रेंज एक्स्टेंडरमुळे पेट्रोल वाचते ते केवळ तो बहुतेक दिवस बंद राहतो म्हणून.

एके दिवशी आम्ही फ्रायबुर्गहून फेल्डबर्गच्या खिंडीत गेलो. फ्रायबुर्ग समुद्रसपाटीपासून २७८ मीटरवर आणि खिंड सुमारे १२३० मीटरवर, म्हणजे साडेनऊशे मीटरचा घाट. निघतानाच ७० टक्क्यांवर हुकूम दिला होता. मला वाटले, आता हे स्कूटरचे इंजिन दम तोडणार. पण उभ्या चढावर आकडा ६६ पर्यंत उतरला, सपाट पट्टा येताच पुन्हा ७० कडे सरकला, आणि आम्ही वर पोहोचून कॉफी प्यायलो. परतीच्या उतारावर तर इंजिन बंदच होते, कारण उतारावर मोटारच जनरेटर होऊन बॅटरीत वीज घालत होती. याउलट, त्याच आठवड्यात महामार्गावर, अगदी सपाट रस्त्यावर, ताशी १३० ने अर्धा तास गेलो तेव्हा इंजिन पूर्ण जोर लावत असूनही आकडा आठ-नऊ टक्क्यांनी उतरला.

घाटाने जे केले नाही ते सपाट रस्त्याने केले, हे मला रात्री कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय पटले नाही. माणसांसह साडेसोळाशे किलोची गाडी साडेनऊशे मीटर वर उचलायला सव्वाचार युनिट लागतात. मोटारीतील घट धरून पावणेपाच, आणि पस्तीस किलोमीटरचा रस्ता कापायला आणखी साडेचार. हे नऊ-सव्वानऊ युनिट आम्ही पस्तीस मिनिटांत वापरले, म्हणजे सरासरी सोळा किलोवॅट. झिरा पंचवीसचा आणि उपसा सोळाचा, मग विहीर आटेल कशी? ताशी १३० ला मात्र हवेचा विरोध इतका वाढतो की सपाटीवरही २९-३० किलोवॅट लागतात, आणि दर तासाला चार-पाच युनिटांची तूट पडत राहते. म्हणजे या इंजिनाची खरी परीक्षा चढ घेत नाही, वेग घेतो, आणि चढ व वेग एकत्र आले की मग त्याची धडगत नसते.

हाच हिशेब मी घरी आल्यावर परतवाडा ते चिखलदऱ्याला लावून पाहिला. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे सातशे मीटर उंच आणि रस्ता तीसेक किलोमीटरचा. आपल्या घाटात वळणे, माकडे आणि समोरून येणारी एसटी यांच्यामुळे सरासरी ताशी पस्तीसच्या वर कोणी जात नाही. तेवढ्याच गाडीला एकूण सात युनिट लागतील आणि वेळ पन्नास मिनिटे, म्हणजे सरासरी साडेआठ किलोवॅट. चिखलदऱ्यासाठी २५ किलोवॅटचे इंजिन सोडाच, त्याच्या निम्म्याचेही पुरेल. आणि समृद्धी महामार्गावर? तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. एवढ्या वेगाला २४ किलोवॅट, आणि मे महिन्यातील आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एसीचे दोन किलोवॅट वेगळे, म्हणजे सपाट रस्त्यावरच झिऱ्याहून उपसा जास्त. वेग शंभरावर आणला की मात्र तेच इंजिन निवांत पुरते. घाटाला भिणाऱ्या आणि महामार्गावर निर्धास्त असणाऱ्या आपल्या लोकांना हे उलटे वाटेल, पण गणित तसेच आहे.

अमेरिकेत ही आय-३ गाडी बदनाम झाली ती इंजिन कधी सुरू करायचे या एका प्रश्नावर. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या नियमानुसार अशा गाडीला विजेच्या गाडीसारखी सवलत हवी असेल तर बॅटरी जवळजवळ संपल्याशिवाय इंजिन सुरू होता कामा नये, आणि पेट्रोलवरचे अंतर विजेवरच्या अंतराहून जास्त असता कामा नये. म्हणून तिथल्या गाड्यांत चार्ज राखण्याचा तो हुकूम काढून टाकला होता, नऊ लिटरची टाकीसुद्धा संगणकाकडून सात लिटरच्या आसपास आखडून घेतली होती, आणि इंजिन साडेसहा टक्क्यांवर आपोआप सुरू होई. आता सहा टक्के चढाचा महामार्ग आणि ताशी शंभरचा वेग धरा. नुसता चढच २७ किलोवॅट मागतो, सपाटीचे सोळा-सतरा वेगळे, एकूण त्रेचाळीसच्या पुढे. तूट अठरा-वीस किलोवॅटची आणि हाताशी शिल्लक जेमतेम सव्वा युनिट, म्हणजे चार मिनिटांचा खेळ. त्यानंतर गाडी थांबत नाही, पण इंजिन देईल तेवढ्यावरच चालते, आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवू लागतात. आमच्या रिक्षावाल्याने काटकसरीपोटी जे केले ते तिथे कायद्याने करायला लावले, असे माझे मत आहे. नियमाचा हेतू चांगला होता, लोकांनी पेट्रोलच जाळत बसू नये हा, पण फुटव्हॉल्व्हपाशी पाणी आल्यावर झिऱ्याला हाक मारण्यात शहाणपण नव्हते. शेवरोलेने २०१० च्या अखेरीस बाजारात आणलेल्या व्होल्टमध्ये याच कारणासाठी डोंगरासाठीचा वेगळा मोड दिला होता. घाट लागण्यापूर्वीच तो लावायचा, म्हणजे गाडी बॅटरीचा काही हिस्सा चढासाठी राखून ठेवी.

विहीर जितकी लहान, तितके झिऱ्याला उपशाच्या तालावर नाचावे लागते. निसानच्या २०१६ सालच्या नोट ई-पॉवर गाडीत बॅटरी जेमतेम दीड युनिटची होती आणि बाहेरून चार्ज करायची सोयच नव्हती. ती विहीर नव्हे, टाके झाले, आणि म्हणून तिचे बाराशे सीसीचे इंजिन सतत चालू-बंद होत राही. त्याच गाडीच्या २०२० च्या दुसऱ्या पिढीत त्यांनी गमतीदार युक्ती केली. रस्ता खडबडीत असेल आणि चाकांचा आवाज वाढला असेल तेव्हाच इंजिन चालवून घ्यायचे, म्हणजे आतल्यांना कळत नाही. आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर ते इंजिन कधी बंदच झाले नसते! माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० गाडीत ८३० सीसीचे एका रोटरचे इंजिन बसवले, १७.८ युनिटची बॅटरी आणि तब्बल पन्नास लिटरची टाकी दिली. लहान विहीर, मोठा झिरा.

या इंजिनाची आणखी एक सवय मला शेतकरी म्हणून फार ओळखीची वाटली. ते वापरले गेले नाही तर बिघडते, आणि गाडीला ते ठाऊक असते. जावईबापूंच्या गाडीत दोनेक महिने इंजिनाची गरज पडली नाही, तर एखाद्या दिवशी बॅटरी भरलेली असतानाही ते आपणहून सुरू होई, दहाएक मिनिटे चाले आणि गप्प होई. तेल फिरावे, सील कोरडे पडू नयेत, ओल जळून जावी एवढ्यासाठी. व्होल्टमध्ये तर टाकीतले पेट्रोल वर्षभर जुने झाले की इंजिन ते जाळून संपवू लागे. पेट्रोलची वाफ उडून जाऊ नये म्हणून टाकी बंदिस्त, दाबाखाली ठेवलेली असे, आणि पंपावर गेल्यावर आधी बटण दाबून दाब सोडावा लागे, मगच झाकण उघडे. आमच्याकडे फवारणीचे पंप हंगाम संपल्यावर तसेच कोपऱ्यात टाकतात आणि पुढच्या वर्षी कार्ब्युरेटर साफ करायला माझ्याकडे आणतात, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम लिहिली.

रिक्षावाल्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. जनरेटर लाल पट्टीत सुरू करू नकोस, बाजारातून निघतानाच कर, म्हणजे पुलापर्यंत बॅटरीत काहीतरी शिल्लक राहील. तसे केल्यावर रिक्षा पूल चढू लागली. दुसरी गोष्ट, म्हणजे जनरेटर काढूनच टाक, ही त्याला आवडली नाही. जनरेटरचा धूर मागच्या सीटखालून आत येत होता, आणि तो वास नसलेला विषारी वायू घेऊन येतो. शिवाय गाडीत असा फेरफार आरटीओच्या परवानगीविना करणे कायद्यात बसत नाही. आम्ही खर्चही मांडून पाहिला. लिटरभर पेट्रोलमागे त्याच्या बॅटरीत सव्वा युनिट पडत होते, त्यासाठी शंभराच्या वर रुपये जात होते, आणि घरच्या मीटरवर तेवढ्याच चार्जिंगला त्याच्या पाव रक्कमही लागली नसती.

दिवाळीच्या आधी त्याने बचत गटातून कर्ज काढून चार नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि जनरेटर एका मंडपवाल्याला विकला. परवा तो मला पुलावरच भेटला. मागे जनरेटरसाठी केलेली लोखंडी चौकट अजून तशीच आहे, आणि तिच्यात संत्र्याचे क्रेट बरोबर बसते.